बालबुद्धीचा पारखी : आल्फ्रेड बिने

परीक्षेचे निकाल लागले की घरोघरी एक न्यायासन मांडले जाते. अमका हुशार, तमका ढ, हा पुढे नाव काढील, त्याच्या हातून काही व्हायचे नाही, असे निवाडे वडील माणसे सहज देऊन मोकळी होतात. आम्ही शिक्षकही या दोषापासून मुक्त नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचे एकच उदाहरण तिसऱ्यांदा चुकले, तेव्हा त्याला गणित कधीच येणार नाही असे आम्ही भर वर्गात बोलून गेलो. मुलगा काही बोलला नाही. परंतु त्या दिवसापासून वर्ष संपेपर्यंत आमच्या तासाला त्याने एकदाही हात वर केला नाही. पुढे आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाचे चरित्र आमच्या वाचनात आले. त्यात नेमका हाच 'कधीच नाही' हा शब्द भेटला आणि आमची मान खाली गेली. मुलांची बुद्धी मोजण्याची पहिली उपयुक्त रीत ज्याने जगास दिली, त्याच पुरुषाने या शब्दाविरुद्ध लेखणी उचलली होती. त्याचा परिचय आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आल्फ्रेड बिने याचा जन्म इ. स. १८५७ च्या जुलै महिन्यात भूमध्य समुद्राच्या काठी असलेल्या नीस या शहरी झाला. नीस त्या वेळी सार्डिनियाच्या राज्यात मोडत असे. ते फ्रान्सकडे आले ते १८६० साली. आल्फ्रेडचे वडील वैद्यकाचा व्यवसाय करीत व आई चित्रकला जाणणारी होती. आईबाप लवकरच विभक्त झाले आणि मुलाचे संगोपन मुख्यत्वे आईनेच केले. आल्फ्रेड लहानपणी भित्रा होता. त्याची भीती घालवावी म्हणून वडिलांनी त्यास एकदा प्रेतास हात लावावयास लावले, असे सांगतात. उपाय अर्थातच उलटला. लहान मुलाचे मन मोठ्या माणसाच्या मनासारखेच असते, केवळ आकाराने लहान, अशी समजूत त्या काळी सर्वत्र होती. ती किती चुकीची आहे हे सिद्ध करण्यात या भित्र्या मुलाचे पुढील आयुष्य खर्ची पडावयाचे होते.

पंधराव्या वर्षी आईने त्यास पॅरिस येथील लुई-ल-ग्रां या प्रसिद्ध विद्यालयात घातले. विद्यालयीन शिक्षणाच्या शेवटच्या परीक्षेत एक प्रसंग घडला. तोंडी परीक्षेत त्याने एका फ्रेंच ग्रंथकाराचे वचन चुकून एका ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या नावावर घातले. परीक्षक रागावले आणि या मुलास तत्त्वचिंतकाची बुद्धी कधीच यावयाची नाही असा निकाल त्यांनी तोंडावर दिला. चूक एका नावाची. शिक्षा मात्र जन्मभराची! बिने ती गोष्ट विसरला नाही. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर स्वतःच्या ग्रंथात त्याने ती नमूद केली, ती परीक्षकाचा सूड घ्यावा म्हणून नव्हे, तर शिक्षकाच्या तोंडून सहज गेलेला शब्द मुलाच्या मनात किती खोल रुततो हे दाखविण्याकरिता.

बिने याने १८७८ साली कायद्याची पदवी मिळविली. पण वकिलीत त्याचे मन रमेना. मग त्याने वैद्यकाचा अभ्यास आरंभिला. तोही अर्धवट सुटला. घरची स्थिती चांगली असल्याने पोटाची चिंता नव्हती. तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसे. तेथे त्यास मानसशास्त्रावरील ग्रंथ सापडले आणि त्याच्या आयुष्यास दिशा लाभली. या विषयात त्यास गुरू असा नव्हता. अर्थात गुरूवाचून केलेल्या अभ्यासात जे धोके असतात ते त्याच्या वाट्यास आलेच. १८८० साली त्याने पहिला लेख प्रसिद्ध केला. त्यावर बेल्जम देशातील देलबेफ नावाच्या विद्वानाने कडक टीका केली.

पुढे १८८३ पासून सुमारे सात वर्षे बिने पॅरिसमधील साल्पेत्रिएर रुग्णालयात काम करीत होता. तेथे शार्को या जगद्विख्यात वैद्याचे राज्य होते आणि संमोहनविद्येचे प्रयोग चालत. फेरे नावाच्या सहकाऱ्यासह बिने याने असे प्रतिपादिले की, संमोहित स्त्रीच्या अंगाजवळ लोहचुंबक नेला असता उजव्या हाताची क्रिया डाव्या हातात जाते, इतकेच नव्हे तर तिच्या मनातील भावनाही पालटतात. बातमी आश्चर्याची होती. देलबेफ स्वतः रुग्णालयात येऊन प्रयोग पाहून गेला. त्यास दिसले ते असे, की चुंबक रुग्णाच्या डोळ्यांसमोर उघडा नाचविला जातो, काय घडावयाचे आहे याची चर्चा तिच्या देखत होते, आणि ती बिचारी तिच्याकडून जे अपेक्षिले आहे तेच करून दाखविते. सामर्थ्य चुंबकात नव्हते. ते सूचनेत होते. बिने प्रथम हिरीरीने भांडला, परंतु अखेर त्यास आपली चूक लोकांसमोर मान्य करावी लागली.

अशा मानहानीनंतर एखादा मनुष्य शास्त्राचा नाद सोडून देता. बिने याने तो सोडला नाही. त्याने चुकीचाच अभ्यास केला. प्रश्न विचारणाऱ्याचा स्वर, त्याची मान हलणे, त्याची अपेक्षा, यांनी उत्तर देणाऱ्याचे मन नकळत कसे वळते, यावर त्याने शाळकरी मुलांवर पुष्कळ प्रयोग करून १९०० साली एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मानसशास्त्रात ज्यास सूचनावशता म्हणतात ती हीच. खरे ना, असे म्हणून आपण मुलास प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर आपणच त्याच्या तोंडात घातलेले असते, हे आम्ही शिक्षकांनी व आईबापांनी ध्यानात धरण्याजोगे आहे.

१८८४ साली बिने याचा विवाह लॉर बाल्बियानी हिच्याशी झाला होता. तिचे वडील गर्भविज्ञानाचे नामांकित अध्यापक होते व त्यांच्या प्रयोगशाळेत जावई निसर्गशास्त्राचे धडे घेऊ लागला. कीटकांच्या मज्जासंस्थेवर निबंध लिहून १८९४ साली त्याने त्या शास्त्रातील वरिष्ठ पदवीही मिळविली. परंतु त्याची खरी प्रयोगशाळा घरातच निघाली. १८८५ साली मादलेन व १८८७ साली आलिस अशा दोन कन्या त्यास झाल्या. हजारो बाप मुलांस खेळताना पाहतात. बिने वही घेऊन पाहू लागला.

दोघी एकाच आईच्या, एकाच घरात वाढणाऱ्या. तरी पहिले पाऊल टाकण्याची तऱ्हा निरनिराळी. थोरली मादलेन हातातील आधार सोडण्यापूर्वी पुढचा आधार नीट न्याहाळी व मगच गंभीर मुद्रेने तिकडे जाई. धाकटी आलिस हसत हसत खोलीच्या मध्यभागी चालू लागे. पुढे धरावयास काही आहे की नाही याचा विचार तिच्या मनास शिवत नसे. मुली वाढल्या तरी हा भेद टिकला; एकीचे अवधान स्थिर, दुसरीचे भिरभिरते. बुद्धी म्हणजे एकाच मापाचे कमीअधिक भरलेले भांडे नव्हे, मनाचे घाटच वेगवेगळे असतात, हे बिने आपल्या मुलींपासून शिकला.

आणखी एक प्रयोग पाहा. चार वर्षांच्या मुलीपुढे बिने सोंगट्यांचे दोन ढीग मांडी व अधिक कोठे आहेत असे विचारी. सोंगट्या सारख्या आकाराच्या असल्या तर ती बहुधा बरोबर सांगे. पण एका ढिगात मोठ्या सोंगट्या थोड्या व दुसऱ्यात लहान सोंगट्या पुष्कळ ठेवल्या की ती मोठ्यांचाच ढीग अधिक म्हणे. कारण त्याने जागा जास्त व्यापलेली असे. येथे मूल मूर्खपणा करीत नाही. ते संख्या मोजीत नसून पसारा पाहते. त्या वयाचा तोच विचार असतो. तसेच सुरी म्हणजे काय असे विचारले तर लहान मूल तिचे वर्णन करीत नाही, तिने काय कापतात ते सांगते. वस्तूचा उपयोग हाच त्याच्या लेखी वस्तूचा अर्थ. मुलांची उत्तरे वयाबरोबर नुसती वाढत नाहीत, त्यांची जातच बदलत जाते, ही मानवी विकासाच्या शास्त्रातील मूलभूत कल्पना येथे स्पष्ट दिसते. दोन्ही मुलींवरील निरीक्षणांचा मोठा ग्रंथ १९०३ साली निघाला. त्यात मुलींस त्याने टोपणनावे दिली होती.

१८९१ साली रूआं शहराच्या आगगाडीच्या स्थानकावर बिने याची गाठ प्राध्यापक बोनी यांच्याशी पडली. ते पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठातील मानसशास्त्रीय प्रयोगशाळेचे प्रमुख होते. बिने याने तेथेच काम करण्याची इच्छा दर्शविली व ती मान्य झाली. वेतन काही नव्हते. थोड्याच वर्षांत तो त्या प्रयोगशाळेचा संचालक झाला व मरेपर्यंत त्या पदावर राहिला. परंतु त्याच्या मायदेशी प्राध्यापकाचे आसन त्यास कधीही मिळाले नाही. त्याने मानसशास्त्राचे वार्षिक काढले, कागद न घेता मोठमोठे हिशेब करणाऱ्या गणकांच्या व पट न पाहता बुद्धिबळे खेळणाऱ्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा केली. इनोदी हा गणक मूळचा मेंढपाळ. तो आकडे जणू कानाने ऐकून ध्यानात ठेवी. दियामांदी नावाचा दुसरा गणक तेच आकडे मनाच्या फळ्यावर लिहिल्यासारखे पाही. काम एकच, पण स्मरणाचे मार्ग दोन!

डोक्याचा आकार मोजून बुद्धी कळते असे त्या काळी थोर थोर पंडित मानीत. बिने यानेही तसेच मानून शाळेतील हुशार व मागे पडलेल्या मुलांची डोकी मोजली. फरक इतका क्षुल्लक निघाला की त्यावरून एकट्या मुलाविषयी काहीच सांगता येईना. शिवाय मोजताना आपली अपेक्षाच आपल्या हातास फसवीत तर नाही ना, असा संशय त्याने स्वतःवर घेतला. चुंबकाचा धडा तो विसरला नव्हता. त्याने ती वाट सोडून दिली.

आता आपण त्याच्या मुख्य कार्याकडे वळू. फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. तेव्हा जी मुले पूर्वी घरी वा शेतावर राहिली असती तीही शाळेत आली, आणि काहींचे पाऊल इतरांबरोबर पडेना. अशा मुलांची काय व्यवस्था करावी हे ठरविण्यासाठी सरकारने १९०४ साली एक समिती नेमली. बिने तीवर सभासद होता. प्रश्न नाजूक होता. मूल खरोखरच मंदगतीचे आहे, की आजारी आहे, की नुसते खोडकर आहे, हे कोणी व कसे ओळखावे? वैद्यांचे एकमत नसे. एकाच मुलास दोन दाखल्यांवर दोन निरनिराळी नावे दिलेली आढळत. शिक्षकाच्या शब्दावर विसंबावे, तर त्रासदायक मूल वर्गातून घालविण्याचा मोह त्यास पडणारच. एखाद्याच्या लहरीने मुलाचे जन्माचे नुकसान होऊ नये, हीच बिने याची तळमळ होती.

तेओदोर सिमों नावाचा तरुण वैद्य १८९९ पासून त्याच्याबरोबर काम करू लागला होता. दोघांनी मिळून १९०५ साली तीस प्रश्नांची चढती श्रेणी तयार केली. आरंभी पेटत्या काडीच्या मागे मुलाचे डोळे फिरतात की नाही हे पाहावयाचे, आणि शेवटी सूक्ष्म अर्थाच्या शब्दांतील भेद विचारावयाचे. १९०८ साली, सुमारे दोनशे मुलांची परीक्षा घेऊन, त्यांनी हे प्रश्न वयाप्रमाणे लाविले. तीन वर्षांच्या मुलास नाक, डोळे, तोंड दाखविता यावे. चार वर्षांच्यास दोन रेघांतील लांब कोणती ते सांगता यावे. पाच वर्षांच्याने चौकोन पाहून काढावा. सातव्या वर्षी अपुऱ्या चित्रात काय राहिले आहे ते ओळखावे. ज्या वयाची बहुतेक मुले जे काम करू शकतात ते त्या वयाचे काम, असा साधा नियम होता. आठ वर्षांचे मूल सहा वर्षांच्या प्रश्नांपर्यंतच पोचले, तर त्याची मानसिक पातळी सहा वर्षांची, म्हणजे त्यास अधिक साहाय्याची गरज आहे, इतकेच त्यावरून समजावयाचे. परीक्षा शांत खोलीत, एकेका मुलाची घ्यावी. परीक्षकाने प्रेमाने बोलावे, धीर द्यावा, उत्तर चुकले तरी मुलास तसे जाणवू देऊ नये, अशी त्याची सक्त सूचना असे.

परंतु मोजणे हा शेवट नव्हे. पॅरिसमधील कामगार वस्तीतल्या एका प्राथमिक शाळेत, मुख्याध्यापक व्हाने यांच्या सहकार्याने, बिने याने १९०५ साली शिक्षणविषयक प्रयोगशाळा उघडली. मागे पडणाऱ्या मुलाचे आधी डोळे व कान तपासा असे तो सांगे. कारण फळा न दिसणारे मूल आळशी ठरविले जाते. मागे पडलेल्या मुलांच्या खास वर्गांत मनाची तालीम सुरू झाली. शिक्षकाने इशारा देताच सर्व मुलांनी पुतळ्यासारखे निश्चल व्हावयाचे, हा त्यातला पहिला खेळ. चुळबुळ्या मुलांस तो प्रथम साधत नसे; रोजच्या सरावाने साधू लागला. दुसऱ्या खेळात काही वस्तू लावलेला फलक क्षणभर दाखवून झाकीत व वस्तूंची नावे विचारीत. सरावाने मुले इतकी तरबेज झाली की वर्ग पाहण्यास आलेल्या लोकप्रतिनिधींस त्यांच्याइतक्या वस्तू सांगता येईनात! अवधान, स्मरण व निर्णय या शक्ती शिक्षणाने वाढतात, असा त्याचा अनुभव होता. बुद्धी जन्मतःच ठरलेली, तिच्यात भर पडणे अशक्य, या मतास त्याने १९०९ च्या आपल्या ग्रंथात निष्ठुर निराशावाद ठरवून जोराचा विरोध केला. परीक्षकाच्या त्या जुन्या शब्दाची कथा त्याने याच ग्रंथात सांगितली आहे.

१९११ साली श्रेणीची सुधारलेली आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी १८ ऑक्टोबर रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, बिने मरण पावला.

त्याच्या पश्चात जे घडले ते सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. १९१२ साली श्टर्न या जर्मन पंडिताने मानसिक वयास खऱ्या वयाने भागण्याची युक्ती काढली; अमेरिकेत टर्मन याने १९१६ साली त्या भागाकारास शंभराने गुणले, आणि बुद्ध्यंक जन्मास आला. बिने याने मदतीचा हात कोणास द्यावा हे कळण्यासाठी केलेले साधन काहींच्या हाती माणसांवर कायमचे शिक्के मारण्याचे साधन झाले. गॉडार्ड नामक अमेरिकन विद्वानाने न्यूयॉर्क बंदरात उतरणाऱ्या, भाषा न जाणणाऱ्या, प्रवासाने थकलेल्या गरीब स्थलांतरितांची अशी परीक्षा घेवविली व त्यांतील पुष्कळांस बुद्धिहीन ठरविले. सिमों १९६१ पर्यंत जगला; बुद्ध्यंकाची ही प्रथा म्हणजे मूळ हेतूचा विश्वासघात आहे असे त्याचे मत होते.

आपल्या देशातही बिने याची श्रेणी आली. लाहोरच्या मिशन कॉलेजातील अध्यापक राइस यांनी तिचे हिंदुस्थानी रूप तयार करून १९२९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांकरिता केलेले रूपांतर कामत यांनी १९३४ साली पुढे आणले. तिकडे पॅरिसमध्ये, १९१९ नंतर, बिने याच्याच शाळेतील प्रयोगशाळेत पियाजे नावाचा एक स्विस तरुण मुलांची परीक्षा घेत बसला असता बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेली उत्तरे त्यास अधिक मोलाची वाटू लागली. मूल असे का चुकले, या एका प्रश्नातून त्याने पुढे बालविकासाचे शास्त्र उभारले. सोंगट्यांच्या ढिगांपाशी बिने याने सुरू केलेले काम अशा रीतीने पुढे गेले.

विद्यार्थी मित्रहो, गुणपत्रिकेवरील आकडा हा आजच्या मुक्कामाची खूण आहे. वाट तेथे संपत नाही. ज्यास तत्त्वचिंतन येणार नाही असे सांगितले गेले, ज्याची पहिली शोधकृत्ये फसली, ज्यास मायदेशी प्राध्यापकाचे आसन मिळाले नाही, त्या पुरुषाचे नाव आज मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. पालकांस आमची विनंती अशी की, प्रगतिपुस्तकावर सही करताना मूल कोठे अडले, त्यास नीट दिसते ना, ऐकू येते ना, झोप पुरते ना, हे आधी विचारावे व न्यायनिवाडा मागाहून करावा, किंवा करूच नये. आमच्यापुरते सांगावयाचे तर, ज्या मुलास आम्ही तो शब्द बोललो तो शाळा सोडून गेला आहे; तो शब्द परत घेण्याची संधी आम्हास मिळाली नाही. तेव्हापासून चुकलेले उदाहरण समोर आले की ते कसे चुकले हे दाखवून दे, असे आम्ही मुलास म्हणतो, आणि फळ्याजवळ त्याच्यासाठी जागा करून देतो.